केरीच्या नकाशावर तिखटाचे ठिपके

मैत्रिणींनो, आज दुपारी लेकीसाठी भिवापुरी तिखट भरताना आयर्लंडच्या केरी जिल्ह्याचा नकाशा पसरून बसले होते. लेक तिकडे राहते, पुढच्या महिन्यात मी जातेय. तिथली समुद्रकाठची गावं मी रद्दीतल्या एका पुस्तकातून ह्यांना वाचून दाखवायची. डिंगल ह्यांच्या मनात बसलं होतं. ह्यांना देवाघरी जाऊन चार वर्षं झाली.

तेवढ्यात नणंद आली. "वहिनी, एकटी काहून चालली वं? लोक काय म्हणतील?"

"हे डिंगल. तुझ्या दादाले इथं जायचं होतं." मी बोट ठेवलं, तर गावावर लाल ठिपका उमटला.

ती नकाशावर वाकली. मग तिनंही बोट तिखटात बुडवून केनमेअर गावावर टेकवलं. "हे माह्या नावानं पाहून ये."

दोघी शिंकत हसलो. तुमच्या नावानं कोणतं गाव पाहून येऊ?