आईच्या बोटांतलं मायलिन

तेव्हा मी जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि मला सगळं येत होतं. आता पंचाहत्तरीत काहीच येत नाही, त्यामुळे बरं चाललंय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साक्रीकडच्या आमच्या गावी आईला हगवण लागली, थांबली, आणि पंधरवड्याने पायांना मुंग्या आल्या. आठवड्याभरात हातही गळाले. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीराच्या रक्षक पेशीच चुकून नसांवरचं मायलिनचं आवरण सोलून काढताहेत. आई घाबरली. मी मात्र, लाज वाटते सांगायला, आतून खूश झाले. हा धडा मला तोंडपाठ होता!

खाटेशेजारी बसून मी व्याख्यान झोडलं. नसेच्या धाग्याभोवती एक पेशी स्वतःचंच अंग लपेटत जाते, वेढ्यावर वेढा, मधला ओलावा पिळून काढत. त्या वेढ्यांमुळे निरोप झपाट्याने धावतो. नस दुखावली, की तीच पेशी आपलं केलेलं मोडते, त्याचे तुकडे गिळते आणि पुन्हा लपेटायला घेते.

"म्हंजे पीठ इघडनं, ते परत मयनं," आई म्हणाली.

"अगदी तसंच, बिघडलेलं पीठ पुन्हा मळायचं. येत्या आखाजीला तूच मांडे करायचे."

मांडे हा आईचा मान होता. गावात लग्न असलं, की तिला बोलावणं ठरलेलं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत ती इतका पातळ करी, की पलीकडचं माणूस दिसावं. मग तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकी.

आतला धागाच तुटला असेल तर काय, हेही डॉक्टर बोलले होते. तुटलेला धागा दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कधी टोकापर्यंत पोचतच नाही. हे वाक्य मी वर्गातही घाईघाईने उरकत असे.

आईला मी जळगावात, पिंप्राळ्याला माझ्या घरी आणलं. दिवाळीनंतर ती भिंत धरून चालू लागली, मग भिंतीवाचून. हातांत जोर आला. रोज सकाळी मी कापसाचा बोळा तिच्या हातावरून फिरवी.

"आई, कळतं?"

"हां, समजस ना, माय."

आधी मनगट, मग तळवा, मग बोटं. कागदावर हाताचं चित्र काढून मी रोज थोडं पुढे रंगवत होते. स्टाफरूममध्ये ते चित्र मिरवलंसुद्धा. किती हुशार बाई!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आईला घेऊन मी गावी गेले, धाकटी बहीणही आली. खापर तापलं. आईने पहिला मांडा टाकला. तसाच पातळ, तसाच गोल. बहीण टाळ्या पिटायला लागली. दुसरा मांडा टाकताना तिच्याकडे बघून आई हसत होती, आणि मला वास आला. तो पुरणाचा नव्हता. आईची करंगळी आणि तळव्याची कड खापराला टेकलेली होती, आणि ती अजून हसतच होती.

मी तिचा हात ओढला. कातडी पांढरी पडली होती.

"आई, कळलं नाही?"

"बोटंस्मा काहीच समजत नही, माय."

"मग रोज हां का म्हणायचीस?"

"बोया फिरताना माले दिखे, म्हनीसन हां म्हनू. तू इतली खुश व्हये..."

बहीण आईचा हात पाण्यात धरून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, तू कॉलेजात शिकवतेस ना गं? डोळे मिटायला सांगायचं नाही?"

पहिल्या वर्षाच्या पोरांनाही मी ते बजावत असे.

उरलेले मांडे बहिणीने केले. जाडजूड झाले. आईने डाव्या हाताने खाल्ले, एकालाही नाव ठेवलं नाही.

त्यानंतर ती सहा वर्षं होती. बोटांत जाण आली नाही. आम्ही दोघी ओट्यावर बसायचो, ती रस्त्याकडे बघत असायची. मी तिची बोटं हातात घेतली तरी तिला पत्ता नसे. म्हणून सांगायची सवय लागली, "आई, हात धरलाय."

मग ती मान वळवून बघे.