बियाची चिठ्ठी मागणारी छबुबाई

चकलांब्याच्या छबुबाईला लग्नाच्या आठ वर्षांत मूल नव्हतं आणि सल्ले मात्र गावभर पिकले होते. दुष्काळात दुसरं पिकणार तरी काय! तिनं उपास केले, काढे प्यायले, दोनदा गर्भाची पिशवीही धुऊन घेतली. नवऱ्याला, उत्तरेश्वरला, तपासावं असं कुणाला सुचलंच नाही. शेवटी जिल्ह्याच्या डॉक्टरांना सुचलं. उत्तरेश्वरनं लाजत-लाजत बाटलीत नमुना दिला. निकाल मात्र डॉक्टरांनी त्याला नाही, त्याच्या आईला, वत्सलाबाईला सांगितला.

आठवड्यानं सासू सुनेला दवाखान्यात घेऊन आली. उत्तरेश्वर बाहेर बाकावर. आत नर्स सिरिंज भरत होती.

"ह्यात काय हाय?" छबुबाईनं विचारलं.

"मूल होण्याचं औषध," डॉक्टर म्हणाले. "पडून राहा. तुझ्या सासूला सगळं सांगितलंय."

"मग मूल आत्याबाईलाच होऊ द्या की!"

नर्स फिसकन हसली. वत्सलाबाई खेकसली, "गप पड, बये! माझ्या लेकाचं बी कामाचं न्हाई. हे दुसऱ्याचं हाय. त्याला कळू द्यायचं न्हाई."

छबुबाई ताडकन उठून बसली. गेल्या मृगात सोसायटीनं पेरायला बिनचिठ्ठीची बाजरी वाटली होती. ती उगवलीच नाही, आणि दुबार पेरायला पाऊस उरला नाही. तेव्हापासून ही बाई पिशवीवरची चिठ्ठी वाचून घेतल्याशिवाय दाणा घरात येऊ देत नसे.

"डॉक्टरसाहेब, बाजरी घेतानासुद्दा आमी चिठ्ठी बघतो. जात कोणती, उगवण किती. हितं माझ्या पोटात पेरताय, अन् मलाच इचारलं न्हाई?"

"कुणीच विचारत नाही," डॉक्टर वैतागले. "मोठमोठ्या घरच्या बायका मुकाट घेतात."

"त्यास्नी सांगितलंच नसंल!"

छबुबाईनं बाहेरून नवऱ्याला मनगट धरून आणलं, स्टुलावर बसवलं. "सांगा आता ह्यांना. माझ्यादेखत."

डॉक्टरांनी सांगितलं. उत्तरेश्वर स्टुलावरून उठला. मग आईला म्हणाला, "मला कळल्याबगर माझं लेकरू आणणार होतीस व्हय, माये?"

"तुझ्या अब्रूपायी रे, बाबा!"

"अन् हिची अब्रू आठ वर्सं उकिरड्यावर, ती?"

वत्सलाबाईनं पदर तोंडाला लावला. उत्तरेश्वर बायकोकडं वळला. "तुला काय वाटतंय, छबू?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मूल तर आतड्यापासून हवं होतं, पण दुसऱ्याचं बी घ्यायचं का, हे आता तिला ठरवायचं होतं.

"मला चार दिस लागतील," ती म्हणाली. "तुमीसुद्दा इचार करा. मग दोघं मिळून येऊ, न्हाईतर न्हाई. आत्याबाईला मातर संगं आणायचं न्हाई."