नोराकाकूंचा मोकळा रकाना

सरकारी ऑफिसात फक्त कागद साठतात असा लोकांचा समज आहे. कागदांचं काय, त्यांना वाळवी तरी लागते. किस्स्यांना तीही लागत नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी मी एकवीस वर्षं बसते आहे. हल्ली चार मैत्रिणी जमल्या की मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणतात, "ते तुमच्या नोराकाकूंचं सांग." दर वेळी मी थोडं थोडं विसरते आणि थोडं थोडं वाढवते. म्हणून म्हटलं, वाढायच्या आत लिहूनच टाकावं.

आधी खोलीची ओळख करून देते. आमच्याकडे गावोगावची जुनी कोतवाल बुकं आहेत. गावात कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, हे पूर्वी कोतवाल लिहून ठेवायचा, ती वही. कुणाला दाखल्यासाठी पणजोबा लागतात, कुणाला पासपोर्टसाठी आई लागते. सगळे माझ्या खिडकीशी येतात. मी अर्ज घेते आणि आत रॅकांच्या गर्दीत हाक मारते, "माने मामा!"

माने मामा माळशिरसकडचे. घरची मेंढरं होती, लहानपणी ती राखली, मग नोकरी लागली. नवीन साहेबांनी एकदा त्यांना विचारलं, "एवढ्या वह्यांत तुम्हाला बरोबर वही कशी सापडते?" मामा म्हणाले, "साहेब, शंभर मेंढरांत आपलं कोकरू वळखायचो. ही तर जाग्यावर बसत्यात."

* * *

माने मामांची शोधायची एक रीत आहे. ती कुठल्याही जीआरमध्ये नाही.

उजनीच्या बॅकवॉटरकाठचे एक केळीवाले शेतकरी वडिलांच्या जन्माची नोंद शोधत आले होते. त्यांच्या गावची सगळी वर्षं मी उलटीपालटी केली. नोंद नाही. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ चिडले, मीही चिडले. तेवढ्यात माने मामा चहा संपवून आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमचा बा थोरला का धाकटा?"

"थोरला. का?"

"मग हितं कशाला हुडकताय? आजीचं म्हायेर सांगा."

आजीचं माहेर माळशिरस तालुक्यात निघालं. दहा मिनिटांत नोंद समोर! गृहस्थ म्हणाले, "पर आमचा बा आमच्याच गावचा हाय की."

"बा तुमच्या गावचा," मामा म्हणाले. "जल्म आजीच्या आईच्या घरचा."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही माहीत होतं. मी स्वतः त्यासाठी बार्शीला गेले होते. पण खिडकीशी बसलं की माणूस घरचं शहाणपण घरी ठेवून येतो, त्याला काय करणार.

* * *

नोराकाकू पहिल्यांदा आल्या तो मंगळवार होता. खिडकीसमोर एक गोऱ्यापान म्हाताऱ्या बाई उभ्या, मला रोज भाजीला भेटणाऱ्या. निळे डोळे, पांढरा अंबाडा, सुती साडी, हातात भाजीची पिशवी. साहेबांनी आतून पाहिलं आणि धावतच बाहेर आले. त्यांचं इंग्रजी पुण्यात शिकलेलं, ते वापरायची संधी इथे फारशी मिळत नाही.

"गुड मॉर्निंग मॅडम, प्लीज हॅव अ सीट, हाऊ मे आय हेल्प यू?"

"बसती की," काकू म्हणाल्या. "आदी पंखा लावा."

साहेबांनी पंखा लावला आणि मराठीवर आले.

काकू मूळच्या आयर्लंडच्या. इंग्लंडात नर्स होत्या, तिथे शिकायला गेलेल्या आपल्या डॉक्टर जाधवांशी लग्न केलं आणि सोलापूरला आल्या. डॉक्टर जाऊन दहाएक वर्षं झाली. मराठी त्या दवाखान्यातल्या आयाबाईंकडून शिकल्या, त्यामुळे ती माझ्यापेक्षा अस्सल.

त्यांचं काम असं होतं. त्या दोन वर्षांच्या असताना कोणीतरी त्यांना तिकडच्या ख्रिस्ती मठातल्या बायकांकडे आणून सोडलं. त्या तिथेच वाढल्या. आई-वडिलांची नावं त्यांना कधी कोणी सांगितलीच नाहीत.

"काकू, हे तिकडच्या ऑफिसला विचारावं लागेल," मी म्हटलं.

"मग इचार की. तितं माज्या वळकीचं कोन हाय? तू रोज भाजीला भेटतीस." मग पिशवी मांडीवर नीट ठेवून म्हणाल्या, "पोरी, मी त्र्याऐंशीची हाय. मेल्यावर माजं नाव तुमच्याच रजिस्टरात येनार. त्यात आईचा रकाना हाय, बापाचा हाय. जल्मभर परतेक फारमावर त्यो मोकळा सोडला. ह्यो सोडनार न्हाय. त्यो भरल्याबिगर मी मरनार न्हाय."

माने मामा रॅकाआडून म्हणाले, "मग हुडकायलाच नको की!"

काकू एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

* * *

तेव्हापासून काकू दर मंगळवारी येऊ लागल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या.

एका मंगळवारी मी जेवायला उठले होते. परत येते तर खिडकीशी रांग, आणि लोक काकूंशीच बोलत होते. गोरी बाई खुर्चीवर बसली आहे म्हणजे मोठी साहेबीणच असणार! एक आजोबा हात जोडून म्हणत होते, "मॅडम, तिसऱ्यांदा आलो. सही ऱ्हायली एवढंच सांगत्यात."

काकूंनी त्यांचा कागद घेतला, तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि टेबलावर ठेवला. "म्हातारं मानूस तिसऱ्यांदा आलंय. सही करा." साहेबांनी केली. नुसती केली नाही, उभं राहून केली.

पुढे महिनाभर लोक माझ्या खिडकीशी येऊन विचारत, "त्या गोऱ्या मॅडम कवा असत्यात?" मी सांगायची, "मंगळवारी." मंगळवारी रांग दुप्पट व्हायची. एकवीस वर्षांत माझ्यासाठी कोणी मुद्दाम वार विचारून आलेलं नाही, हे मी मनाला लावून घेतलं नाही असं नाही.

* * *

काकूंकडे मठाचं एकच पत्र उरलं होतं. बाकीचे कागद आणि जुना पासपोर्ट वाळवीनं खाल्ले होते. पत्रावर पूर्ण नाव होतं: नोरा अॅग्नेस कीन. साहेबांनी आयर्लंडच्या नोंदणी ऑफिसला ई-मेल लिहिला. मी शेजारी बसून मजकूर सांगत होते. अर्जदाराचं नाव नोरा, आडनाव कीन, आणि वडिलांचं नाव अर्थातच अॅग्नेस.

तिकडून ब्रीजेट नावाच्या बाईंचं उत्तर आलं. अगदी सभ्य भाषेत त्यांनी कळवलं की अॅग्नेस हे बाईचं नाव असतं, आणि ते एका संत बाईंच्या नावावरून ठेवलं असावं.

आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बाप, नाहीतर नवरा. तिथे तिसरंच कोणी असू शकतं हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बरं, समोर बसलेल्या काकूंच्याही नाही! त्या इतकी वर्षं नोरा सुधाकर जाधव लिहीत होत्या.

माने मामांना काळजी वाटली. "मग ती लोकं बापाचं नाव लिवत्यात कुटं?"

"नावात लिहीतच नाहीत," साहेब म्हणाले.

"तरीच," मामा म्हणाले. "मानसं हरवनारच."

* * *

अॅग्नेसचा घोळ निस्तरला. ब्रीजेट बाईंनी शोध घेतला आणि उत्तर पाठवलं. साहेबांनी ते मोठ्यांदा वाचलं आणि मराठीत सांगितलं, "दिलेल्या तारखेला अशी नोंद आढळून येत नाही."

हे वाक्य मी आजवर हजारो लोकांना दिलंय. त्याचा शिक्का आहे माझ्याकडे, रबरी. वाक्य घेणाऱ्याच्या बाजूला बसून ते कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. काकू पिशवीतून मटार काढून सोलत बसल्या.

माने मामांनी विचारलं, "तारीक कंची दिली व्हती?"

"आधारवर आहे तीच. एक जून."

मामांनी कपाळाला हात लावला. आमच्या भागातले निम्मे म्हातारे एक जूनला जन्मलेले आहेत. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून टाकायचे.

"काकू, तुमाला एक जून कुनी दिला?"

"मामंजींनी. रेशन कार्ड काडताना. जल्म कंदी, म्हनले. मी म्हनलं, ठावं न्हाय, पासपोर्टात बी अंदाजानंच घातलीया. त्येंनी लिवलं."

"मामंजी काय करायचे?"

"हेडमास्तर व्हते की."

साहेबांनी ब्रीजेट बाईंना हे सगळं इंग्रजीत कसं समजावलं ते मला माहीत नाही. त्यांचं उत्तर मात्र दोन ओळींचं होतं. त्यांच्या ऑफिसातले सगळे तीन वेळा हसले आणि आता त्या तारीख सोडून शोधत आहेत.

* * *

तारीख सोडली तर नोरा कीन ढिगानं निघाल्या. मठाच्या भागात कीन म्हणजे आपल्याकडचे शिंदे. ब्रीजेट बाईंनी विचारलं, आणखी काही धागा आहे का?

माने मामांनी काकूंना मठाचं पत्र पुन्हा वाचायला लावलं. साहेब शब्दन् शब्द मराठीत सांगत होते. शेवटी एक ओळ होती: मुलीला मिस फॉली, तिची मावशी, अमुक गावाहून घेऊन आली. आम्ही ती ओळ दहा वेळा वाचून सोडून दिली होती.

"मिस म्हंजी लगीन झालेलं न्हाय?" मामांनी विचारलं.

"नाही झालेलं."

"मग मावशी म्हायेरातच ऱ्हायली असनार. मावशीचं गाव त्येच आईचं म्हायेर. आईचं लगीन तितंच लागलं असंल, पोरीच्या दारात. आन काकू थोरल्या असल्या तर जल्म बी तितंच." हे सगळं त्यांनी वहीवरची धूळ झटकत सांगितलं. "त्या बाईंना म्हनावं, कीनांच्या गावात नगं. मावशीच्या गावात हुडका."

साहेब म्हणाले, "मामा, तो आयर्लंड आहे. तिथे बाळंतपणाला माहेरी जात असतील कशावरून?"

"तिकडं बी पोरीला आई आसती का न्हाय?"

साहेबांनी मामांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी ई-मेलनं पाठवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. नोंदी सापडल्या होत्या. लग्नाची आणि जन्माची, दोन्ही मावशीच्या गावात! ब्रीजेट बाईंनी लिहिलं होतं की पूर्वी त्यांच्याकडेही लग्न नवरीच्या चर्चमध्ये व्हायचं, आणि त्यांची स्वतःची आईसुद्धा आजोळी जन्मली होती. नावं नियमाप्रमाणे ई-मेलवर देता येत नाहीत, नकला पोस्टानं येतील. लग्नाच्या नोंदीत मात्र दोघांच्या बापांचीच नावं असतात, आयांची नसतात, याची कल्पना असावी. आणि खाली एक ओळ होती: मिस्टर माने यांना आमच्याकडे पाठवता येईल का?

मामा म्हणाले, "मेंढरं हायत का तिकडं?" आहेत म्हटल्यावर दिवसभर खुशीत होते.

* * *

पाकीट आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर यायचं होतं. घरी आलं तर नातवंडं आधी उघडतील, असं काकूंचं म्हणणं. त्या मंगळवारी आल्या. "आलं का, माने?" मामा म्हणाले, "न्हाय अजून." पुढच्या मंगळवारी आल्या. "न्हाय अजून." काकू भाजी घेऊन गेल्या. त्यांचं चालणं मला हळू झालेलं वाटलं.

त्याच दुपारी मी एक कोतवाल बुक काढायला आत गेले, तर मामांच्या कपाटात पाकीट! परदेशी तिकीट, काकूंचं नाव, आणि आमचा आवकचा शिक्का आठ दिवसांपूर्वीचा. पाकीट बंदच होतं.

मला इतका संताप आला की माझा आवाज साहेबांपर्यंत गेला. "मामा, त्र्याऐंशी वर्षांची बाई आहे ती. दर मंगळवारी जिने चढून येते. लाज नाही वाटत?"

मामा म्हणाले, "बाई, काकू काय बोलल्या व्हत्या पयल्या दिवशी, ध्यानात हाय न्हवं?"

माझ्या ध्यानात होतं. मी पाकीट होतं तिथे परत ठेवलं.

"पुढच्या मंगळवारी देतो. माझं एक काम ऱ्हायलंय, साहेबांकडनं लिवून घ्यायचं."

पुढच्या मंगळवारी काकू आल्या. मामांनी स्वतः खुर्ची पुसली, पंखा लावला आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. काकूंनी चष्मा लावला. वडील मायकेल कीन. आई एलेन फॉली. त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून "एलेन, एलेन" असं दोनतीनदा म्हणाल्या, लहान मूल नवीन शब्द म्हणतं तसं. मी खिडकी अर्धी ओढून घेतली आणि रडले. बाहेरच्या रांगेनं कुरकुर केली नाही.

काकूंनी डोळे पुसले, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "चला. रकाना भरला."

तेव्हा माने मामांनी कपाटातून दुसरा कागद काढला. ब्रीजेट बाईंच्या नावे टाइप केलेला इंग्रजी अर्ज, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारलेली.

"काकू, आई घावली. पर आईच्या आईचं नाव कुटं हाय? त्यो रकाना मोकळाच हाय की. हितं सही करा."

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग पेन मागितलं, सही केली, आणि पिशवी उचलता उचलता विचारलं, "ह्येला किती दिस लागतील, माने?"

"लई," माने मामा म्हणाले.