वाढत्या अंगाचा उंदीर

माझ्या मुलीने मेडिकल अर्धवट सोडलं आणि जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून नोकरी धरली, तेव्हा मी तिला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. त्यानंतर आठ महिने ती आमच्या फ्रीमाँटच्या घरी फिरकली नाही. मग एका शनिवारी आली, ती काचेची पेटी घेऊन. पेटीत केशरी रंगाचा, बिनविषारी, वाढत्या वयाचा साप. तिला ट्रेनिंगसाठी दोन महिने दुसऱ्या राज्यात जायचं होतं आणि साप सांभाळणार असलेल्या मैत्रिणीने ऐन वेळी हात वर केले होते. म्हणजे माझी आठवण नाइलाजाने झाली होती. तरी मला आनंद झाला. साप नीट सांभाळला तर लेक पुन्हा घरी येऊ लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पेटीवर तिने कागद चिकटवला होता. आठवड्यातून एक उंदीर. तो सापाच्या पोटाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, त्याहून मोठा नाही. या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. आईला ओळखून होती.

गोठवलेल्या पिटुकल्या उंदरांची पिशवी गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाशेजारी गेली. "आपल्या घराण्यात कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही," नवरा म्हणाला. ऑफिसात वीस वर्षं ऑम्लेट खाणारा माणूस हा. मग सापाचं सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

उंदीर कोमट पाण्यात ठेवून वितळवायचा आणि लांब चिमट्याने सापापुढे धरायचा. पहिल्यांदा मी डोळे मिटून धरला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मला वाटायला लागलं, की याची भूक आपल्याला कळते. साप उंदीर बघता बघता गट्टम करायचा आणि मान उचलून जीभ काढत इकडेतिकडे बघायचा. मला ते बघवेना. पाहुणा "पुरे" म्हणत ताटावर आडवा हात धरतो, तरी बोटांच्या फटीतून आणखी एक जिलबी सोडायची, अशा घरात मी वाढले. वाढतं अंग आहे, एवढ्याशाने काय होणार?

मी पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. साप केवढा आहे, असं तिथल्या बाईने विचारलं. मी मनगट दाखवलं. खरं तर तो माझ्या अंगठ्याहून थोडासा जाड होता.

तिथून आणलेला मोठा उंदीर सापाने जबडा ताणून ताणून गिळला. मधोमध फुगवटा आला. मी समाधानाने हात धुतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरभर घाण वास सुटला. उंदीर अर्धवट विरघळलेला, पेटीच्या मध्यावर पडला होता. साप पाण्याच्या भांड्यामागे वेटोळं करून निपचित. मी घाबरून मुलीला फोन लावला.

"किती मोठा होता?" तिने विचारलं. मी खरं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, मी लिहून ठेवलं होतं."

"अगं, भुकेला वाटला मला."

"ही वॉज फाइन. तुला सगळीकडे भूकच दिसते, आई. आता दोन आठवडे त्याला काही देऊ नकोस. प्लीज. नथिंग."

"दोन आठवडे उपाशी?"

"हो. तसाच बरा होतो तो."

फोन ठेवला आणि मला संताप आला. आठ-नऊ महिने जनावरांचे पिंजरे धुऊन ही मला खाऊ घालायला शिकवणार! मग नाक दाबून ती पेटी पुसायला बसले, आणि पुसता पुसता राग कुठे गेला कळलं नाही. मी तिचे फ्रॉक दोन वर्षं पुढच्या मापाचे घ्यायची. शाळेत भांडून तिला एक इयत्ता पुढे बसवली होती. परीक्षेच्या सकाळी ती ओकायची, आणि मी तिचं तोंड पुसून गाडीत बसवायची. तेव्हा मला कुणी कागद लिहून दिला नव्हता. पण दिला असता तरी मी वाचला नसता.

दोन आठवडे मी फक्त पाणी बदललं. नंतर ब्लाउजची मापं घ्यायची टेप काढून साप मोजला, आधीपेक्षाही लहान उंदीर दिला. त्याने खाल्ला, आणि तो पोटात राहिला. मी मुलीला फोटो पाठवला. तिने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

ती परत आली तेव्हा मी दहा पोळ्या करून ठेवल्या होत्या आणि तिच्या आवडीची भरली वांगी. पानात एक पोळी वाढली आणि हात मांडीवर ठेवून बसले. तिने ती सावकाश खाल्ली. एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "घे ना" माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. ती उठली, ताट विसळलं, साप तपासला, "गुड, छान आहे" म्हणाली आणि पेटी गाडीत ठेवून निघून गेली. पुढच्या वेळी साप दुसऱ्या कुणाकडे ठेवणार आहे, हे तिने जाता जाता सांगितलं.

डब्यात नऊ पोळ्या उरल्या. ती पोटभर जेवली होती की अर्धपोटी उठली, हे मला अजून माहीत नाही. सापाचं पोट टेपने मोजता आलं. हिचं मात्र आग्रह केल्याशिवाय मला कधी मोजताच आलं नाही.