दीड ते पावणेदोन

परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे आणि तिथे मी लोकांवर नजर ठेवते. कार्डावर अर्थातच असं छापलेलं नाही. कार्डावर ‘सिस्टीम्स’ एवढंच आहे, आणि घरच्यांना वाटतं मी प्रिंटर दुरुस्त करते. तेही करते.

तीन वर्षांपूर्वी नवे साहेब आले आणि येताना एक सॉफ्टवेअर घेऊन आले. ऑफिसच्या नेटवर कोणी, कधी, कुठली साइट उघडली ते त्यात दिसतं. आत काय वाचलं, काय लिहिलं ते दिसत नाही. साइटचं नाव आणि वेळ, बस्स. मग ते प्रत्येक साइटला एकेक गट लावतं: खरेदी, क्रिकेट, सरकारी, लग्न. कामाबाहेरच्या गटांची यादी मी शुक्रवारी छापायची आणि साहेब ती सोमवारी पाण्याच्या कूलरशेजारी बोर्डावर लावायचे. नावानिशी. त्यानं शिस्त लागते म्हणे. शिस्तीचं माहीत नाही, पण लोक पाणी भरपूर प्यायला लागले.

एका शुक्रवारी यादीत आवक-जावकचे काका निघाले. गट लग्न, वेळ रोज दीड ते पावणेदोन.

काका म्हणजे ऑफिसात येणारं आणि ऑफिसातून जाणारं प्रत्येक पाकीट ज्यांच्या हातून जातं ते गृहस्थ. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, काकी जाऊन चार वर्षं झालेली. मी नोकरीला लागले तेव्हा पहिले सहा महिने त्यांच्याच टेबलाशी होते. शिक्का सरळ कसा मारायचा, नोंदवहीत रेघ कुठे ओढायची, सगळं त्यांनी शिकवलं. आणि एक नियम सांगितला होता. पाकीट वाटेत फाटून आलं तर चिकटपट्टी लावायची, ‘फाटके आले’ असं लिहून सही करायची आणि ज्याचं त्याला द्यायचं. आत बघायचं नाही. चिकटपट्टी लावताना ते स्वतः मान वळवून खिडकीबाहेर बघायचे, त्यामुळे पट्टी नेहमी वाकडी लागायची.

यादी बघून मला आधी रागच आला, आणि तोही काकांचा. नजर ठेवणार असल्याचं परिपत्रक सगळ्यांना मिळालं होतं. ते टेबलाटेबलावर जाऊन सह्या घेत वाटलं कोणी? काकांनीच. पण वाचलं नव्हतं. दुसऱ्यांच्या नावाचे कागद ते वाचत नाहीत, आणि स्वतःच्या नावाचा त्याच गठ्ठ्यात होता.

मग माझ्या लक्षात आलं की त्यांना दुसरी जागाच नव्हती. नायगावच्या चाळीत एक खोली, त्यात मुलगा, सून आणि काका. फोन म्हणायला काकांचा. सून त्यावर गॅसचा नंबर लावायची, मुलगा मॅच बघायचा. आयुष्यात एकच गोष्ट एकट्याची होती, ऑफिसचं टेबल. त्याच्या ड्रॉवरची किल्ली काकांच्या खिशात असायची, तेव्हा टेबलावरचा कॉम्प्युटरही आपलाच, अशी त्यांची समजूत. ती समजूत मला शुक्रवारी छापायची होती.

आमच्याकडे भरती पूर्वापार ओळखीवर. काकांच्या चाळीतले तिघं आमच्याच मजल्यावर बसायचे. सोमवारी अकराला बोर्डावर लागलेलं नाव संध्याकाळी सातला सुनेच्या कानावर गेलं असतं, आणि आठपर्यंत अख्ख्या चाळीनं मुलाला सल्ले दिले असते. काकांना त्यानंतर चाळीच्या पॅसेजमधून मान वर करून चालता आलं नसतं.

मी त्या साइटचा गट बदलला. लग्न काढून सरकारी केला. यादीतून काका गेले आणि मी घरी गेले.

सोमवारी मीटिंगमध्ये साहेब उभे राहिले. त्यांनी म्हणे सगळे गट चाळले होते. अख्ख्या ऑफिसात एकच माणूस असा, जो जेवणाच्या सुट्टीतसुद्धा सरकारी साइट बघतो, असं म्हणून त्यांनी काकांना उभं केलं. टाळ्या झाल्या. काका टाळ्या संपेपर्यंत माझ्याकडे बघत होते.

ते समजले. आपण सरकारी काहीही उघडलं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

दुसऱ्या दिवसापासून दीड ते पावणेदोनची नोंद बंद झाली. काका सव्वाला डबा उघडायचे, दीडला धुऊन पुसून ठेवायचे आणि पावणेदोनपर्यंत बंद स्क्रीनसमोर बसून राहायचे. जिन्यात मी दिसले की ते बाजूला व्हायचे, मला आधी जाऊ द्यायचे. पूर्वी ‘काय गं, जेवलीस का?’ विचारायचे. मी त्यांचं नाव वाचवलं होतं, आणि त्यांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी, ते माझ्या खोलीत आले. दार लोटलं. उभेच राहिले.

“एक काम होतं,” ते म्हणाले. “दादरच्या एक बाई आहेत. मी त्यांना पत्र टाकलं होतं. उत्तर आलंय का, तेवढं बघून सांग.”

मी म्हटलं, “काका, मला कसं कळणार?”

“तू बघतेसच ना. मग आता माझं मी कशाला उघडू?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला आतलं काही दिसत नाही, फक्त पाकिटावरचं दिसतं, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलेलं दिसलं नाही, आणि ज्या माणसाला मी माझ्या खोटेपणानं टाळ्या मिळवून दिल्या होत्या त्यानं माझ्यावर विश्वास का ठेवावा?

आमच्या ऑफिसात एकच मशीन यादीत येत नाही. यादी करणाऱ्याचं. मी उठले, खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि बाहेर जाऊन दाराशी उभी राहिले, पॅसेजकडे तोंड करून. दीड वाजला होता. दोघंतिघं प्रिंटरची तक्रार घेऊन आले, त्यांना सर्व्हर बंद आहे म्हणून परत पाठवलं.

काका दोनला पाच कमी असताना बाहेर आले. इतक्या वर्षांत जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना कामाला उशीर झालेला मी पाहिला नव्हता.

“शनिवारी सकाळी शिवाजी पार्कला बोलावलंय,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “जेवलीस का गं?”

नाही म्हटलं. ते शिक्के मारायला गेले.

मी आत आले. त्या बाईंचं पत्र स्क्रीनवर तसंच उघडं होतं. काकांना बंद करायचं सुचलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत हातानं चाचपून स्क्रीन भिंतीकडे फिरवली आणि काकांना परत बोलावून आणलं.