संपवायचा नाही असा पोर्शन

एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले आणि आत न येताच म्हणाले, "बाई, तुमच्याकडे राहते ती मुलगी अफगाणिस्तानची आहे म्हणे." आहे म्हणे म्हणजे काय? पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद मी स्वतः त्यांच्या हातात दिले होते आणि त्यांनीच ते फायलीला लावले होते. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, कमिटीत विषय निघाला, तिकडे आता राज्य बदललंय, लोकांना जरा काळजी वाटते. कोथरूडच्या सोसायटीला काबूलच्या राज्याची काळजी पडली आहे हे ऐकून मी धन्य झाले. जाता जाता त्यांनी विचारलं, हिंग तिकडूनच येतो ना, हल्ली फार महागलाय, हिच्या ओळखीनं चांगला मिळेल का.

इतकी वर्षं चाललेलं एवढं मोठं युद्ध संपलं आणि आमच्या गल्लीला त्याचं काय कळलं, तर हिंग आणि अंजीर महाग झाले. बाकीचं सगळं माझ्या मागच्या खोलीत राहत होतं.

ती मुलगी राज्यशास्त्र शिकायला पुण्यात आली तेव्हा तिच्या देशात सरकार होतं, त्या सरकारची शिष्यवृत्ती होती. मग सरकार पडलं. बँका बंद झाल्या, शिष्यवृत्ती आटली. पासपोर्टाची मुदत संपत आली. इथल्या ऑफिसात सांगायचे, तुमच्या दूतावासाचं पत्र आणा, आणि दूतावासात फोन कोणी उचलायचं नाही. राज्यशास्त्राच्या पेपरात तिनं 'राज्य म्हणजे काय' यावर चांगलं पानभर लिहिलं होतं. घरी येऊन मला विचारलं, खाला, ज्याचा पासपोर्ट आहे ते राज्यच नसेल तर मी कुठली? खाला म्हणजे मावशी. मी म्हटलं, सध्या तू दुसऱ्या मजल्यावरची, आधी जेवून घे.

तिचे वडील सरकारी खात्यात इंजिनियर होते. नोकरी गेल्यावर त्यांनी आधी फ्रीज विकला, मग गालिचे, आणि शेवटी एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागले. धाकट्या बहिणीची शाळा नव्या राज्यकर्त्यांनी बंद केली. सहावीच्या पुढे मुलींना शाळाच नाही. म्हणून ही मोठी इथून फोनवर तिला शिकवायची. त्यांच्याकडे वीज यायची दुपारी, म्हणजे नेमकी माझ्या झोपेच्या वेळी.

झोपमोड मी सहन केली असती. पण भिंतीपलीकडून चुकीचं गणित ऐकू येत होतं. वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना मोठी रोज चिन्हाची तीच चूक करायची आणि धाकटी ती मुकाट्यानं उतरवून घ्यायची. मी सगळा जन्म दहावीला गणित शिकवलंय. कुशीवर वळून उशी कानावर धरून पाहिली. शेवटी उठले, तिच्या खोलीत गेले आणि फोन हातातून काढून घेतला.

तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत शिकवायचे, मोठी त्यांच्या भाषेत सांगायची, आणि धाकटी कॅमेरा वहीवर धरून सोडवायची. तिचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. एक हात, त्यात बोटभर उरलेली पेन्सिल, आणि आकडे इतके सुबक की आमच्या शाळेत फळ्यावर लावून ठेवले असते. मी एक पद्धत सांगावी, तिनं दुसरी शोधून दाखवावी. अशी मुलगी नोकरीभर माझ्या वर्गात आली नाही. आली असती तर मी तिला डोक्यावर घेऊन नाचले असते, आणि तिकडे ती चुलीशी बसवलेली. या विचारानं मला इतका संताप यायचा की शिकवताना माझा आवाज चढायचा, आणि त्या बिचारीला वाटायचं तिचंच काही चुकलं.

शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "परीक्षाच नाही तर शिकून करायचंय काय तिला?" मी म्हटलं, तुम्ही रोज शब्दकोडं सोडवता, त्याचा निकाल कधी लागतो?

शाळेत माझी ख्याती एकच. इतरांचा पोर्शन फेब्रुवारीपर्यंत रेंगाळायचा, माझा नाताळाच्या आत हातावेगळा. इथेही मी तोच खाक्या चालवला. धाकटी होतीच तयार. नववी झाली, दहावीचं बीजगणित झालं, भूमिती झाली, आणि एका दुपारी मी मोठ्या अभिमानानं जाहीर केलं, "संपला पोर्शन. सांग तिला."

मोठीनं सांगितलं नाही. मी पुन्हा म्हटलं, सांग. तिनं फोनचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली. ज्या व्यापाऱ्याच्या दुकानात वडील बसतात, त्याला धाकटी आपल्या मुलासाठी हवी आहे. मुलगा तिच्याहून खूपच मोठा, पहिली बायको वारलेली. वडिलांना हे स्थळ नको आहे आणि धाकटीला तर मुळीच नको आहे, पण ज्याच्या गल्ल्यावर बसायचं त्याला नाही म्हणणार कसं? म्हणून वडिलांनी सांगितलं होतं, मुलगी हिंदुस्थानातल्या एका मॅडमकडे गणित शिकते आहे, ते पुरं होऊ द्या, मग बोलू. व्यापारी थांबायला तयार झाला, कारण हिशेब येणारी सून दुकानाला हवीच होती.

म्हणजे मी इतके महिने पोर्शन नव्हे, त्या पोरीचं लग्न उरकत आणलं होतं.

मी भडकले. हे मला आधी सांगता येत नव्हतं? मी घोड्यावर बसल्यासारखी धावत होते, आणि तुम्ही दोघी बघत बसलात? मोठी खाली मान घालून म्हणाली, "खाला, आप इतनी ख़ुश होती थीं. हमें लगा, रोकना अच्छा नहीं." मी स्वयंपाकघरात गेले आणि नको असताना चहा टाकला.

आमच्याकडे तरी निराळं काय होतं म्हणा. नको असलेलं स्थळ आलं की 'मुलगी शिकते आहे अजून' हे आमच्याही घरांतलं ठेवणीतलं उत्तर. पण आमच्या मुली ते उत्तर देऊन खरोखरच कॉलेजात जायच्या. हिच्या पाठीशी उभं राहायला ना कॉलेज, ना बोर्ड, ना सरकार. एक निवृत्त बाई, तीही फोनवरची.

दोनतीन दिवसांनी तिच्या वडिलांचाच फोन आला, दुकानातून. ते चांगलं हिंदी बोलतात, सिनेमे बघून शिकलेलं. नमस्कार, तब्येत, पुण्याची हवा असं सगळं अदबीनं विचारून झालं. मग म्हणाले, शेठजी शेजारीच बसले आहेत, फोन स्पीकरवर आहे, त्यांना मॅडमकडूनच ऐकायचं आहे.

"मॅडम, हमारी बेटी का कितना बाक़ी है?"

मी म्हटलं, "बहुत बाक़ी है."

पलीकडे दुसरा एक आवाज काहीतरी बोलला. वडील म्हणाले, शेठजी म्हणतात, दुकानापुरता हिशेब आला तरी पुष्कळ. तेवढा तर येत असेल ना?

माझ्यासमोर धाकटीनं आदल्याच दिवशी सोडवलेलं एक उदाहरण होतं. मोठीनं त्याचा फोटो छापून आणून मला दिला होता, कारण ते मी स्वतः सोडवलं होतं त्याच्यापेक्षा चार ओळी आखूड होतं. नोकरीत मी कुणाचा एक गुण फुकट वाढवला नाही की कुणाचा मारला नाही. पालक सभेत आई रडल्या, वडील ओरडले, तरी जे असेल तेच सांगितलं. त्या कागदाकडे बघत मी म्हटलं, "हिसाब में ही कच्ची है. बहुत कच्ची. अभी दुकान में बिठाओगे तो नुक़सान होगा."

बराच वेळ त्यांच्यात बोलणं चाललं. मला एक अक्षर कळलं नाही. मोठी शेजारी उभी होती, तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग वडील फोनवर आले. इंजिनियर माणूस. मुलीच्या वह्या तेही रोज बघत असणार. आपली पोर काय आहे हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि ती कच्ची आहे हे त्यांनी परक्या बाईच्या तोंडून चारचौघांत ऐकून घेतलं होतं.

"शुक्रिया, मॅडम," ते म्हणाले. "आप आहिस्ता पढ़ाइए."

तेव्हापासून मी आहिस्ता शिकवते आहे. एका उदाहरणाला आठवडा लावते. अकरावी काढली, मग बारावी. कोनाड्यातली माझी कॉलेजातली पुस्तकंही खाली उतरली, आणि त्यातलं निम्मं मलाच नव्यानं शिकावं लागतंय. धाकटी मात्र ऐकत नाही. आठवड्याचं काम ती एका दुपारी करून ठेवते आणि वही कॅमेऱ्यासमोर धरते. मग मी तिच्यावर चिडते, एवढी घाई कसली, म्हणून. उभ्या जन्मात मी कुठल्याही मुलाला असं म्हटलं नव्हतं. ज्यांनी मला ते म्हणायला लावलं, त्यांचं तळपट होवो.

मागच्या आठवड्यात तिनं बहिणीकरवी विचारलं, असं किती गणित आहे जगात? मला पुरेल का?

मी म्हटलं, "गणित पुरेल. मी किती पुरेन, ते विचारू नको."