इहसान हसली तो सिनेमा

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या आमच्या गल्लीत इस्त्रीवाल्या मितवल्लीइतकी कडक इस्त्री कोणाची नव्हती, आणि त्याच्या बायकोइतका कडक चेहराही कोणाचा नव्हता. हे माझं नव्हे, गल्लीचं म्हणणं. इहसान वाईट बाई नव्हती. घर लख्ख ठेवायची, दोन मुलगे वाढवून तिने कुवेतला धाडले, नवऱ्याला कधी उलटून बोलली नाही. पण हसायची नाही. लग्नघरात बायका टाळ्या पिटून गात असल्या तरी ही आपली भिंतीला टेकून बसलेली.

कॉफीखान्यातले सोबती मितवल्लीला छेडायचे. "काय रे, तुझ्या घरी हसण्यावर कर बसवलाय का?" त्याचं उत्तर ठरलेलं. "हसली होती. लग्नाआधी, सिनेमात. खांदे गदगदा हलत होते तिचे."

नंतर तिला हसवायचा त्याने काही प्रयत्न केला, असं मात्र नाही. तिची आई वारली त्या संध्याकाळी ईदचे कपडे राहिलेत म्हणून हा दुकान उघडून बसला. दुष्टपणाने नव्हे, डोक्यातच आलं नाही. काही पुरुषांना फक्त सुरकुत्या दिसतात, त्याही कापडावरच्या. "अब्ला, ती माझ्याकडे अशी बघते," तो एकदा मला म्हणाला, "जणू मी काही कबूल करून विसरलोय." मी शाळेतली मास्तरीण, म्हणून गल्लीची अब्ला, म्हणजे बाई; त्यातून विधवा. असल्या तक्रारींवर माझ्याकडे औषध नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात इहसान गेली. समाचाराला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी जिन्यात बोललं, "बिचारीने सुखाचा एक दिवस पाहिला नाही." मितवल्ली खालीच उभा होता. ते वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं.

चाळिसावा दिवस झाल्यावर तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "तुमच्या फोनवर जुने सिनेमे सापडतात म्हणे."

"कोणता हवाय?"

"नाव आठवत नाही. लठ्ठ नवरदेव गाढवावरून पडतो."

"आपले निम्मे सिनेमे तसलेच आहेत, मितवल्ली."

"ती कशाला हसली ते मला परत बघायचंय," तो म्हणाला. "एकदा तरी ती माझ्याबरोबर सुखात होती, एवढी खात्री झाली की पुरे. मग लोकांना काय बोलायचं ते बोलू देत."

साखरपुड्यानंतर दोघांनी सिनेमाला जायचं तर मधल्या खुर्चीवर मुलीचा भाऊ बसणार, ही तेव्हाची रीत. इहसानचा भाऊ वगदी चांगला धिप्पाड. त्याच्या पलीकडे मितवल्लीला दिसला होता तो तिचा हलणारा खांदा आणि तोंडावर धरलेला रुमाल. तेवढ्या खांद्यावर या माणसाने अख्खा संसार केला.

शोधता शोधता माझे डोळे शिणले, पण सिनेमा सापडला. शुक्रवारी नमाजानंतर मितवल्ली आला. अंगात इस्त्रीचा पायघोळ गलाबिया, हातात भाजलेल्या बियांची पुडी, थेट सिनेमाला निघाल्यासारखा. जिन्याकडचं दार मी रीतीप्रमाणे उघडं ठेवलं आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

सिनेमा सुरू झाला तसा तो चुळबुळ करू लागला. एक गरीब मुलगी, तिचा कर्मठ बाप, बापाने परस्पर ठरवलेलं लग्न. हसण्यासारखं कोणी काही बोलतच नव्हतं. "हा नव्हे," तो म्हणाला. "तो गमतीचा होता." तेवढ्यात वरात आली. लठ्ठ नवरदेव गाढवावर बसला, गाढव उधळलं, नवरदेव चिखलात. मितवल्लीने मांडीवर थाप मारली आणि खो खो हसत सुटला. "हेच! बघा, इथेच हसली ती."

पुढच्याच क्षणी पडद्यावर नवरी आली. बुरख्याचं टोक तोंडात कोंबून ती रडत होती. तिचे खांदे गदगदा हलत होते.

मितवल्लीने बियांची पुडी खाली ठेवली. "मागे घ्या," तो म्हणाला. मी घेतलं. नवरदेव परत पडला, नवरी परत रडली. या वेळी तो हसला नाही.

"वगदीला फोन लावा."

वगदी आता इस्कंदरिया शहरात असतो. बऱ्याच वेळाने त्याने फोन उचलला. मितवल्लीला ऐकू कमी येतं, म्हणून मी आवाज मोठा केला.

"वगदी, साखरपुड्यानंतर आपण सिनेमाला गेलो होतो. इहसान तिथे रडत होती का रे?"

"रडत होती म्हणजे? आज काय विचारतोस? तुला तर तेव्हाच कळलं होतं."

"मला?"

"अरे, साखरपुड्याचं सोनं तुझ्याकडे परत धाडून ती दुसऱ्या दिवशी लग्न मोडणार होती. आई पाया पडली तरी ऐकेना. त्यात तो सिनेमा. तिला असा हुंदका फुटला की पुढचे लोक वळून बघायला लागले. मला तर वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. आणि तू एकदम एवढ्या मोठ्याने हसायला लागलास, की सगळे तिला सोडून तुझ्याकडेच बघत बसले. घरी आल्यावर तिने सोनं कपाटात ठेवलं. म्हणाली, चारचौघांत माझी लाज राखणारा माणूस आहे, करते लग्न याच्याशी."

मितवल्ली पुडीच्या कडा बोटांनी सरळ करत बसला. मीच म्हटलं, "ऐकताहेत ते."

"दवाखान्यात तिला शेवटचं भेटलो ना," वगदी पुढे म्हणाला, "तेव्हा मला म्हणाली, सिनेमाच्या दिवशीचा तो माणूस मला परत कधी भेटला नाही रे. आजारात माणूस बरळतो. मी म्हटलं, अगं, जन्मभर त्याच्याच तर घरात आहेस. बरोबर ना? तिच्यासाठीच हसलास ना तू?"

मितवल्लीने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोटं बोलला असता तर मी काही त्याला अडवलं नसतं.

"नाही रे," तो म्हणाला. "मला वाटलं, तीही हसतेय."